हारूनभाई, इन्व्हर्टर मी जाळला होता

हारूनभाई, तुम्ही गेल्याचं मला आमच्या प्लॉटधारकांच्या ग्रुपवर कळलं. 'जनरेटरवाले हारूनभाई आज सकाळी गेले. हार्ट अटॅक.' खाली नऊ जणांनी हात जोडले होते. दहावे हात मी जोडले. याच ग्रुपवर सहा महिन्यांपूर्वी मी तुमच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. बरंच वर गेलं की त्या अजून दिसतात. त्या दोन ओळींनी डोंगरावरचं तुमचं काम गेलं, आणि तुमच्यामागे तुमच्या मुलीचंही जाणार होतं.

तुमचा जन्म, शिक्षण, तुम्ही कुठे कुठे काम केलंत, यातलं मी काही लिहिणार नाही. मला ते धड माहीतही नाही. मला तुमचे रविवार माहीत आहेत, तेवढेच लिहितो. तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही सांगाव्या लागतील, कारण वाचणाऱ्यांना त्या ठाऊक नाहीत. तेवढं चालवून घ्या.

कात्रजच्या मागे डोंगरावर आमचे अकरा प्लॉट. आम्ही पुण्याच्या हद्दीत आलो, टॅक्सचा कागद आला, वीज आली नाही. खांब कोणाच्या जमिनीत रोवायचे यावर खालच्या शेतांचे मालक असलेल्या चार भावांचं एकमत होईना, आणि अजूनही झालेलं नाही. मी तेव्हा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये होतो, अजूनही आहे. मला वाटलं, लाईन नाही हे उत्तमच. छपरावर सोलरच्या पाट्या, खोलीत बॅटऱ्या, भिंतीवर इन्व्हर्टर, आणि कोणाच्या उपकारात राहायला नको. एक्सेलमध्ये सगळं बसवलं होतं. जनरेटर त्यात कुठेच नव्हता. जनरेटर घेणं म्हणजे मला हार मानल्यासारखं वाटायचं.

तुम्हाला बबनतात्या घेऊन आले. ज्यांनी आम्हाला प्लॉट विकले आणि स्वतः पायथ्याला गोठा ठेवून राहिले, ते बबनतात्या. म्हणाले, "ह्ये हारूनभाई, भवानी पेठेतले. लग्नाच्या मांडवात ह्यांचा जनरेटर कदी बंद पडला न्हाई. येकदा इचारून तर बगा." मी तुमच्यापुढे लॅपटॉप उघडला. तुम्ही तो बघितला नाहीत. गच्चीवर गेलात, पाट्यांवरून हात फिरवलात आणि विचारलंत, "साहेब, सूर्य नसेल असे सलग किती दिवस धरलेत?"

"तीन."

"आभाळाला कळवलंय का तसं?"

मला राग आला होता, हे कबूल करतो. पुण्यात राहून दुसऱ्याचा टोमणा ऐकून घ्यायची सवय नसते. त्या वर्षीचा जुलै आला आणि पाचव्या दिवशी दुपारी फ्रीज बंद पडला. मी तुम्हाला फोन केला तेव्हा माझ्या बायकोने, वैशालीने, मुद्दाम स्पीकर लावायला सांगितलं. तुम्ही काय बोलता ते तिला ऐकायचं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून जनरेटर आला. धूर खिडकीकडे जायला नको म्हणून तुम्ही पावलं मोजत मोजत शेडची जागा ठरवलीत, आणि चहा बिनसाखरेचा मागितलात.

मग आपलं भांडण सुरू झालं. सहा वर्षं चाललं, आणि ते मिटावं असं आपल्या दोघांनाही वाटत नव्हतं. माझं म्हणणं, बॅटरी संध्याकाळी उतरलेली असते, तेव्हा जनरेटर लावावा आणि शंभर टक्के भरेपर्यंत चालवावा. तुमचं म्हणणं, सकाळी लावा, दीड-दोन तास जोरात चालवा, ऐंशीला बंद करा. मी विचारलं, उरलेले वीस? तुम्ही म्हणालात, "रिकामी बॅटरी गपागप घेते. शेवटी शेवटी घास-घास करत बसते. तेवढ्यासाठी डिझेल का जाळायचं? दुपारी थोडं ऊन पडतंच, ते त्याला भरू दे." मी म्हणालो, याला काही आधार आहे का. तुम्ही म्हणालात, आधार म्हणजे चाळीस वर्षं हात काळे. मी मग दोन महिने आकडे घेतले. तुमचं बरोबर निघालं. मी तुम्हाला सांगितलं की फरक फारसा नाही. फरक चांगलाच होता.

रविवारचा रिवाज तुम्ही घातलात. गरज असो-नसो, दर रविवारी दहा वाजता वीस मिनिटं जनरेटर चालवायचा, आणि तोही रिकामा नाही. "मोकळा पळवला की आतून काजळी धरतो, साहेब. त्याला काम द्या." काम म्हणजे वैशालीची इस्त्री. इन्व्हर्टरवर इस्त्री लावायला मी बंदी घातली होती, त्यामुळे आठवडाभराचे कपडे ती तुमच्यासाठी साठवून ठेवायची. तुमची स्कूटर वळणावर ऐकू आली की ती इस्त्रीचं टेबल मांडायची. खराडीत माझ्या शर्टांना कडक घडी असायची, ती तुमच्यामुळे. तुम्ही येताना पेठेतली नानकटाई आणायचात. ती वैशालीच्या हातात द्यायचात, माझ्या नाही. मी डबा उघडाच ठेवतो अशी तुमची तक्रार होती.

आणि ती चावी. शेडच्या भिंतीवर तुम्ही चेंजओव्हरचा मोठा खटका बसवला होता. त्याची मूठ खाली असली की जनरेटरचा घराशी संबंध तुटलेला. मूठ वर केली की जनरेटरची वीज इन्व्हर्टरकडे जाणार, आणि इन्व्हर्टर तिच्यातून घर चालवणार, बॅटरी भरणार. जनरेटरची वीज घरात शिरायला तोच एक दरवाजा होता, आणि दुसरा नसावा यासाठी तुम्ही जनरेटरची चावी त्या मुठीच्या मागे अशी अडकवायचात की मूठ वर केल्याशिवाय चावी निघायचीच नाही. मांडवात घाईत माणसं काय काय करतात ते बघून तुम्ही ही युक्ती काढली होती. अकराही घरांत तुम्ही तशीच चावी अडकवलीत. कंपनीने दिलेली दुसरी चावी माझ्या हातात ठेवून म्हणालात, "ही घरात ठेवा, आणि कुठे ठेवली ते विसरून जा."

मी विसरलो नाही. माझ्या टेबलाच्या खणात होती.

गेल्या श्रावणातला शनिवार. तीन दिवस आभाळ, बॅटरी उतरलेली, टाकी कोरडी, आणि वैशालीची बहीण सासरच्या माणसांसह संध्याकाळी येणार. बॅटरी उतरली की पंप सुरू होताना इन्व्हर्टर मान टाकायचा. तुमच्या पद्धतीने केलं असतं तर आधी बॅटरी दोन तास जनरेटर खात बसली असती आणि मग पाणी. मला पाणी लगेच हवं होतं. तुम्हाला फोन करायला हवा होता. पण मी इंजिनिअर ना. मी एक वायर घेतली, तिच्या दोन्ही टोकांना पिना जोडल्या, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं पंपाजवळच्या सॉकेटमध्ये. म्हणजे पंपाला थेट वीज. खणातून दुसरी चावी काढली आणि जनरेटर लावला. त्या सॉकेटला इन्व्हर्टरचीही वीज येत होती. घराचा मेन स्विच बंद करायचा राहिला होता. एकाच घरात दोन बाजूंनी वीज घुसली.

मोठा आवाज नाही झाला. फट् करून इन्व्हर्टर बंद पडला, लाल दिवा लागला. मी जनरेटर बंद केला, वायर काढून शेडच्या खिळ्याला टांगली, दहा मिनिटं थांबलो, इन्व्हर्टर पुन्हा लावला. लागला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि खालून टँकर मागवला. वैशालीला यातलं काही सांगितलं नाही.

रविवारी दहा वाजता तुम्ही आलात. मूठ वर केलीत, चावी काढलीत, जनरेटर लावलात. आत इस्त्री तापत होती, पाहुणे चहा घेत होते. चार-पाच मिनिटांत, आदल्या दिवशी आतून दुखावलेल्या इन्व्हर्टरमधून धूर आला. तुम्ही धावत जाऊन सगळं तोडलंत, तुमचा अंगठा भाजला. पाहुणे, वैशाली, शेजारचे दोघे, सगळे जमले. सगळ्यांच्या देखत तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "साहेब, काल काही केलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

तो विचार करून दिलेला जबाब नव्हता, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. तोंडातून निघून गेला. पण त्यानंतर मागे घ्यायला अख्खा दिवस होता, आणि संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, 'आज माझ्याकडे हारूनभाईंनी जनरेटर सुरू केल्यावर इन्व्हर्टर जळला. ज्यांनी त्यांच्याकडून वायरिंग करून घेतलं आहे त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी दाखवून घ्यावं.' पहिलं वाक्य अक्षरशः खरं होतं. असं खरं बोलायला मी ऑफिसात चांगला तयार झालो आहे.

मग एकेकाने तुम्हाला बोलावणं बंद केलं. दिवाळीपर्यंत डोंगरावर तुमची स्कूटर फक्त बबनतात्यांच्या गोठ्यापर्यंत यायची. माझा नवा इन्व्हर्टर एका एजन्सीने बसवला. तिथला माणूस जोडे घालून खोलीत यायचा आणि सगळ्याला 'नो इश्यू सर' म्हणायचा. वैशाली कपडे बाहेर इस्त्रीला द्यायला लागली. तिने दोनदा विचारलं, हारूनभाईंना नक्की का बंद केलं? मी म्हणालो, अगं, रिस्क नको.

डिसेंबरात जुन्या आणि नव्या इन्व्हर्टरचा हिशोब ताडून बघायला मी जुनी नोंद उघडली. यंत्र स्वतःच मिनिटामिनिटाला लिहून इंटरनेटवर साठवतं, आणि असल्या नोंदी वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. शनिवार, चार वाजून दहा मिनिटं, बाहेरून उलटी वीज आली, यंत्र बंद. तेव्हा मला कळलं, असं लिहायचा मोह होतोय. खरं म्हणजे मला त्या रविवारी धूर बघितला तेव्हाच कळलं होतं. डिसेंबरात पुरावा मिळाला, इतकंच. तुमच्याकडे यायचं ठरवलं. आधी खराडीत एक डेडलाईन होती, मग संक्रांत झाली, मग मला सर्दी झाली. भवानी पेठ माझ्या घरापासून ट्रॅफिक धरून तासाभराच्या अंतरावर आहे. दोन महिने मला तो तास मिळाला नाही, आणि मग तो निरोप आला.

दहाव्या दिवशी आलो. तुमच्या दुकानात तबस्सुम एका जनरेटरसमोर उकिडवी बसली होती, हात कोपरापर्यंत काळे. आयटीआय करून ती तुमच्याबरोबर काम करते हे तुम्ही सांगायचात, पण मी तिला कधी बघितलं नव्हतं. मी माझं नाव सांगितलं. ती उठली, हात पुसले, स्टूल पुढे केलं. "बसा काका."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. वायर, चावी, सॉकेट, 'नाही', ग्रुप. माझं झाल्यावर ती म्हणाली, "अब्बांना माहीत होतं."

"कसं?"

"त्याच दिवशी तुमच्या शेडमध्ये खिळ्यावर बघितली ना वायर त्यांनी. दोन्ही टोकांना पिना. घरी येऊन मला ड्रॉइंग काढून दाखवलं, काय झालं असणार ते. म्हणाले, ही चूक कधी करू नकोस, आणि कोणी केली तर त्याला हसू नकोस."

मी विचारलं, मग मला बोलले का नाहीत. ग्रुपवर तरी लिहायचं.

"मी पण हेच बोलले. भांडले त्यांच्याशी. तर म्हणाले, मी साहेबांना विचारलं, ते नाही म्हणाले. परत विचारलं तर बिचारे परत खोटं बोलतील. त्यापेक्षा येतील ते आपणहून. शिकलेला माणूस आहे." ती पुन्हा हात पुसायला लागली. "रविवारी विचारायचे मला, डोंगरावरून कोणाचा फोन आला होता का. दर रविवारी नाही. पण विचारायचे."

हारूनभाई, मी चाळिशी कधीच ओलांडलेला माणूस आहे, भर दुपारी, रस्त्यावरच्या दुकानात रडलो. तबस्सुमने मला पाणी दिलं. धीर वगैरे दिला नाही, आणि तो मला नकोच होता.

तिच्याकडूनच कळलं की ग्रुपने अकराही घरांची देखभाल वर्षभरासाठी त्याच एजन्सीला द्यायचं ठरवत आणलं होतं. रविवारी मीटिंग होती. तबस्सुमने दोघांना फोन करून विचारलं होतं की अब्बांचं काम मी पुढे चालवू का. एकाने म्हटलं, बघू. दुसऱ्याने सरळ सांगितलं की त्या इन्व्हर्टरच्या प्रकारानंतर लोकांना भरवसा नाही. मी मीटिंगला जात नाही, ग्रुपही म्यूट करून ठेवलेला असतो. पेटवून दिलं आणि धूर बघायलाही थांबलो नाही.

परत जाताना स्वारगेटच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि लिहिलं. चार वेळा लिहून खोडलं, कारण दर वेळी त्यात 'गैरसमज' हा शब्द येत होता. शेवटी असं गेलं: 'माझा इन्व्हर्टर हारूनभाईंमुळे जळला नव्हता. आदल्या दिवशी मी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर लावली होती. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो आणि इथेही खोटं लिहिलं. यंत्राची नोंद सोबत जोडली आहे. त्यांचं काम चोख होतं.' खाली चार दहाच्या नोंदीचा फोटो टाकला.

तासाभराने बबनतात्यांचा व्हॉइस मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "साहेब, वाचून घेतलं पोराकडून. बोललात ते ब्येस केलं, पर लई उशीर केलात. त्यो मानूस माज्या गोठ्यावर यिऊन बसायचा. तुमचं नाव त्यानं येकदा बी काढलं न्हाई, अन् मला वाटायचं ह्याचंच कायतरी चुकलं आसंल." घरी आल्यावर वैशालीने फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मला ग्रुपवरून कळावं हे?" ती चार दिवस कामापुरतं बोलली.

मीटिंगला मी गेलो. लिहिलेलंच पुन्हा तोंडाने सांगितलं, कारण दोघांनी फोटो उघडलाच नव्हता आणि एकाचं म्हणणं होतं की पोरगी अजून लहान आहे. मी म्हणालो, तिच्या वयाचे लोक माझ्या ऑफिसात बँकांचे व्यवहार सांभाळतात. बबनतात्या म्हणाले, "माजा गोठा तिच्याकडंच हाय. बाकीच्यांचं बाकीच्यांनी बगावं." मग हळूहळू हात वर झाले. एजन्सीला नको म्हणून कळवायचं काम माझ्याकडे आलं, ते मी आनंदाने केलं.

पुढच्या रविवारी तबस्सुम आली. घराघरात जाऊन चावी, मूठ, बॅटऱ्या, सगळं तपासून वहीत टिपून घेत होती. दुपारपर्यंत दहा घरं झाली. माझ्या फाटकापाशी स्कूटर थांबवली, उतरली नाही.

"काका, दहा घरं घेते मी. तुमचं नाही."

मी म्हणालो, बरं.

"रागाने नाही हं. मी आले की तुम्ही दर वेळी सॉरी म्हणणार, आणि मला दर वेळी 'असू दे' म्हणावं लागणार. मला मशीनकडे लक्ष द्यायचं असतं."

हारूनभाई, तिचं मी कोणाकडे वाईट बोललेलो नाही, बोलणारही नाही. आता माझा जनरेटर मीच चालवतो, सकाळी, ऐंशीपर्यंत. तिची स्कूटर माझ्या फाटकावरून पुढे जाते. तिने योग्य तेच केलं. पण तुम्ही तिच्या जागी असतात तर आला असतात, नानकटाईचा डबा घेऊन आला असतात, आणि त्या दिवसाचं अवाक्षर काढलं नसतंत. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर मी दोन महिने घरी बसून राहिलो.